लाल परीचे दोन सांधे: रिव्हेट, वेल्डिंग आणि निवडीचा इतिहास

१/ ठाण्याच्या खोपट एस. टी. स्थानकात घटकाभर उभे राहिले, तर धातू जोडण्याचा शंभर वर्षांचा इतिहास फलाटावरच वाचता येतो. जुन्या लाल गाडीच्या अंगावर रिव्हेटच्या टिकल्यांच्या रांगाच रांगा दिसतात. ती बांधणी ॲल्युमिनियमची. २०१७-१८ च्या सुमारास महामंडळाने साध्या पोलादाच्या, म्हणजे ‘एमएस बॉडी’च्या गाड्या बांधायला घेतल्या. त्यांचा सांगाडा वेल्डिंगचा आहे. सेवा तीच, रंग तोच, मग सांधा का बदलला? आजचा थ्रेड याविषयी.

२/ हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. आमच्या जिन्याला कठडा नव्हता आणि आजीचे गुडघे आता साथ देत नाहीत. माझ्या चुलतभावाने ठरवले की स्वतः यंत्र घ्यायचे आणि कठडा घरीच करायचा. कोणते यंत्र घ्यावे, यावर घरात आठवडाभर वाद चालला. काकांची तीस वर्षे वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात फॅब्रिकेशन करण्यात गेली. ते एवढेच म्हणाले, “आधी कोणती पद्धत कशासाठी निघाली ते बघ, मग पैसे घाल.” इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठे आमंत्रण ते कोणते?

३/ सर्वांत जुनी पद्धत लोहाराची. लोखंड वितळवायचे नाही. भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घणाने एकजीव करायचे. दिल्लीचा गुप्तकालीन लोहस्तंभ असाच लोखंडाचे गोळे एकमेकांत ठोकून घडवलेला आहे. त्याचे वजन सहा टनांहून अधिक भरते. विजापूरच्या उपली बुरुजावरील लांबलचक तोफही ओतीव नाही. लोखंडाच्या पट्ट्या उभ्या रचून त्यांवर कडी चढवलेल्या या प्रकाराला आपल्याकडे बांगडी तोफ म्हणतात.

४/ तांब्यापितळेची वाट निराळी होती. तिथे मूळ धातू न वितळवता कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू फटीत उतरवतात. डाख देणे आणि झाळणे ही त्याचीच रूपे. टाकणखार पृष्ठभागावरचा गंज विरघळवतो, मग झाळ धरते. घरातला पितळी हंडा गळू लागला तर आजही हाच मार्ग योग्य. पितळेत जस्त असते आणि ते ९०७ अंशांना उकळते. विजेच्या ठिणगीखाली पितळ धरले की जस्त धूर होऊन निघून जाते.

५/ विजेच्या ज्योतीने धातू वितळवण्याची व्यवहार्य युक्ती १८८१ मध्ये निकोलाय बेनार्दोस याने दाखवली. कार्बनच्या कांडीने ज्योत पेटवणाऱ्या या पद्धतीला त्याने ग्रीक अग्निदेव हेफेस्टसवरून ‘इलेक्ट्रोगेफेस्ट’ असे नाव दिले. १८८८ मध्ये स्लाव्यानोव्ह याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती ज्योतही देई आणि वितळून सांध्यात भरही घाली. अडचण एकच उरली. वितळलेले लोखंड हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून ठिसूळ होत असे.

६/ यावर उत्तर शोधले स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी याने. जहाजांच्या बाष्पकांची दुरुस्ती हा त्याचा व्यवसाय. १९०४ मध्ये त्याने ‘एसाब’ ही कंपनी काढली. त्याने कांडीवर खनिजांचा लेप दिला. लेप जळताना वायूचे आवरण तयार होते आणि वितळलेल्या धातूवर कवच साचते. नाक्यावरचा कारागीर सांधा झाल्यावर हातोडीने जे टकटक करून पाडतो, ते हेच कवच. बंदरावरच्या वाऱ्यात, आडव्यातिडव्या जागी दुरुस्ती करता यावी, या गरजेचे हे अपत्य. पुढच्या निवडीसाठी ही गोष्ट लक्षात ठेवा.

७/ त्याच काळात गॅस वेल्डिंग आले. ॲसिटिलिन आणि प्राणवायू यांची ज्योत तीन हजार अंशांपलीकडे जाते, हे ल शातेलिए याने १८९५ मध्ये दाखवले. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये वापरण्याजोगी मशाल तयार झाली. ज्योत मऊ असते, पातळ पत्रा सांभाळता येतो, तीच कापायलाही चालते आणि वीज लागत नाही. मात्र ॲसिटिलिनचा सिलिंडर ही राहत्या घरात ठेवण्याची वस्तू नव्हे.

८/ नव्या पद्धतीवर जगाचा विश्वास बसला तो युद्धामुळे. १९१७ मध्ये अमेरिकेने आपल्या बंदरांत अडकलेली १०९ जर्मन जहाजे ताब्यात घेतली. खलाशांनी जाण्यापूर्वी इंजिनांची मोडतोड करून ठेवली होती. नवे भाग ओतून घेण्यात फार काळ गेला असता. बरीचशी इंजिने विजेच्या वेल्डिंगने जागच्या जागी सांधली गेली आणि तीच जहाजे अमेरिकी सैन्य घेऊन युरोपला निघाली.

९/ आता ॲल्युमिनियमकडे, म्हणजे जुन्या लाल परीकडे येऊ. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो पापुद्रा असतो तो वितळायला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. पापुद्रा फुटेपर्यंत आतला धातू ओघळून जातो. शिवाय उष्णता झपाट्याने पसरते आणि पत्रा वाकडा होतो. रिव्हेटला यातले काहीच आड येत नाही. भोक पाडा, ठोका. पत्रा चेपला तर रिव्हेट काढून नवा बसवा. रोज शेकडो गाड्या सांभाळणाऱ्या आगाराला हे सोयीचेच होते.

१०/ हलक्या धातूंचे हे कोडे विमान कारखान्यात सुटले. १९४१ मध्ये नॉर्थ्रोप कंपनीत रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टनची न वितळणारी टोकदार कांडी आणि हेलियमचे आवरण वापरले. हीच टिग पद्धत. आपल्या बाजारात हेलियमऐवजी आर्गन आला, म्हणून कारागीर तिला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाने ॲल्युमिनियमवरचा पापुद्रा फोडणेही साधले. काम देखणे होते. पण दोन्ही हात गुंततात, वेग कमी आणि शिकायला महिने लागतात.

११/ वेगाची भूक १९४८ मध्ये मिग पद्धतीने भागवली. तीत रिळावरची तार आपोआप पुढे सरकते. १९५३ मध्ये महागड्या वायूऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा मार्ग निघाला आणि पोलादी कामासाठी ती स्वस्त झाली. वर्कशॉपमध्ये तिचे नाव नुसते ‘सीओटू’. एकसारखे सांधे दिवसभर घालायचे असतील, तर हिच्यासारखी पद्धत नाही.

१२/ वेल्डिंगने रिव्हेटला सर्वत्र हरवले, असे मात्र समजू नका. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्यालगत, शांत पाण्यात, ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मधोमध दुभंगले. थंडीत ते पोलाद ठिसूळ होत असे, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या अभ्यासाने स्पष्ट झाले. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबण्याची शक्यता असते. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध झालेले असते, त्यामुळे तडा पुढे धावतो. सांधा बदलला की धोक्याची जागाही बदलते.

१३/ ही सारी विद्या आपल्या दारात आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५१ मध्ये स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी स्थापन झाली आणि भांडुपला वेल्डिंगचे रॉड तयार होऊ लागले. जुना आग्रा रस्ता तिथून पुढे ठाण्यात खोपटकडे येतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तीही वागळे इस्टेटमध्ये. काकांसारख्या हजारो हातांनी हे काम तिथेच शिकून घेतले.

१४/ आता आमचा कठडा. माल दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी चौकोनी पाइप. जागा उघडा जिना, म्हणजे वारा आलाच. वाऱ्याने सीओटूचे आवरण उडते, रॉडचे टिकते. वीज घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटची, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ८० अँपिअर आणि साधारण २३ व्होल्ट धरले, तर ज्योतीला १.८ किलोवॉट लागतात. यंत्रातली तूट धरूनही छोटा इन्व्हर्टर त्या सॉकेटवर चालतो. पत्रा एक मिलिमीटरचा असता तर तोल सीओटूकडे झुकला असता. ॲल्युमिनियम असते तर आर्गनकडे.

१५/ भावाचा जीव तरीही सीओटूत अडकला होता, कारण सांधा सुबक दिसतो. काकांनी वाद घातला नाही. मित्राच्या यंत्रावर त्याच्याकडून जाड पट्टीचे दोन तुकडे जोडून घेतले, वाईसमध्ये धरले आणि घण घातला. वरून नितळ दिसणारा सांधा पुठ्ठा उलगडावा तसा सुटला. धातू नुसता वर साचला होता, आत उतरलाच नव्हता. दोष यंत्राचा नव्हे, प्रवाह कमी ठेवला होता. “काका, दिसत तर छान होता,” भाऊ म्हणाला. “आजी त्याच्याकडे बघणार नाही, त्यावर भार टाकणार आहे,” काका म्हणाले.

१६/ शेवटी इन्व्हर्टरच आला. आठवडाभर भंगाराच्या तुकड्यांवर सराव झाला आणि प्रत्येक तुकडा घणाखाली गेला. गॅल्व्हनाइज्ड पाइप काकांनी परत पाठवला. त्याच्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. डोळ्यांसाठी १० क्रमांकाची काच, अंगात जाड सुती कपडे, जवळ पाण्याची बादली. उघड्या डोळ्यांनी ज्योत पाहिली तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, हे काकांच्या पिढीने अनुभवाने शिकले आहे. आपण ते वाचून शिकावे.

१७/ कठडा बसून दोन महिने झाले. सांधे जरा ओबडधोबड आहेत, ग्राइंडरचे ओरखडेही दिसतात. आजी रोज सकाळी त्याला धरून खाली उतरते. पुढच्या वेळी खोपटला गाडीची वाट पाहताना गाडीच्या अंगाकडे नीट पाहा. टिकल्या दिसल्या की ॲल्युमिनियमची अडचण आठवा. अखंड पोलादी कड दिसली की बाष्पकावर लेप दिलेली कांडी घेऊन वाकलेला तो स्वीडिश दुरुस्तीकार आठवा.