रसायन, विष आणि नरक्या

केमोथेरपीला मराठीत ‘रसायनोपचार’ म्हणण्याची रीत आहे. शब्द सुबोध खरा, पण त्यात एक विपर्यास दडलेला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘रसायन’ ही वार्धक्य दूर ठेवणारी, धातूंचे पोषण करणारी चिकित्सा. रुग्णाच्या शिरेतून जे दिले जाते ते मात्र विष असते. त्याचे स्थान आम्ही अगदतंत्राच्या शेजारी मानू. मूळ जर्मन शब्द पॉल एर्लिक यांचा, तोही जंतुजन्य रोगांच्या औषधांसाठी घडवलेला. कर्करोगाशी या विचाराची गाठ पडली ती महायुद्धात: १९४२ साली अमेरिकेत येल येथे मस्टर्ड वायूच्या कुळातील द्रव्य एका रुग्णास गुप्तपणे टोचण्यात आले.

या इतिहासाचा एक धागा खानदेशातून जातो, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून मन्रो वॉल यांच्यासमवेत वनस्पतींतील कर्करोगरोधक द्रव्ये शोधू लागले. १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हाती आले. १९७१ साली पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध झाली.

ही द्रव्ये करतात काय? पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोहोंकडे ओढणारे सूक्ष्म तंतू निर्माण होतात आणि काम संपताच विरतात. अहिल्यानगरच्या अंगणांतही सहज फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे तंतू जुळूच देत नाही. टॅक्सॉल ते विरू देत नाही. वाटा उलट, शेवट एकच: विभाजन अडते, पेशी मरते. कॅम्प्टोथेसिन डीएनए उलगडताना पडलेली चीर सांधू देत नाही. परंतु केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा यांतील पेशीही झपाट्याने दुभंगतात, आणि विषाला आपपर कळत नाही. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. दोन मात्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवतात ते मज्जेला सावरता यावे म्हणून. अंतर फार वाढले तर अर्बुदही सावरते. डॉक्टरांचे सारे कसब या हिशेबात असते.

कॅम्प्टोथेसिनच्या पहिल्या चाचण्या मूत्राशयावरील दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. १९८५ साली त्याच्या कार्याचे मर्म उलगडले आणि १९९६ साली त्यापासून बनवलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. दरम्यान १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना हेच द्रव्य एका भारतीय झाडात अधिक प्रमाणात आढळले होते. ते सह्याद्रीत वाढते. मागणी वाढली तशी त्याची चोरटी तोडही झाली. द्रव्य खोडात आणि मुळांत असल्याने झाड सहसा वाचत नाही. फुलांच्या दुर्गंधीमुळे लोक त्याला घाणेरा किंवा नरक्या म्हणतात. (वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एकेकाळी त्याच्या लॅटिन नावात दुर्गंध घातला होता.) त्याच झाडाचे आणखी एक मराठी नाव आहे: अमृता.