कारखान्यांचे सांडपाणी आणि ऑक्सिजनविरहित प्रक्रिया : सुधारणा नेमकी कोठे?

उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या गडद तपकिरी, आम्लधर्मी पाण्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच सीओडी, लिटरमागे एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. घरगुती सांडपाण्यात हाच आकडा काही शेकड्यांत मोजला जातो. असे पाणी ओढ्यात शिरले की त्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि मासे तडफडून वर येतात. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या ऊसपट्ट्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

इतके दाट पाणी हवा फुंकून शुद्ध करणे परवडत नाही. त्याला वीज अफाट लागते आणि गाळाचे ढीग साचतात. ऑक्सिजनविरहित प्रक्रियेत मात्र दूर झालेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. एक घनमीटर स्पेंटवॉशमध्ये १०० किलो सीओडी धरली आणि त्यातील ६५ किलो दूर झाली, तर जवळपास २३ घनमीटर मिथेन हाती येतो. कारखान्याच्या बाष्पकाला इंधन म्हणून तो थेट उपयोगी पडतो.

हे काम एकटा जीवाणू करीत नाही. एक गट मोठे रेणू फोडतो, दुसरा त्यांची सेंद्रिय आम्ले बनवतो, तिसरा त्यांचे अॅसेटिक आम्ल व हायड्रोजनमध्ये रूपांतर करतो आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांतून वायू निर्माण करतात. आम्ल बनवणारे काही तासांत दुप्पट होतात, तर अॅसेटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनजनकांना त्यासाठी काही दिवस लागतात. साऱ्या अडचणींचे मूळ या तफावतीत आहे. पाण्याचा भार एकाएकी वाढला की आम्ल साचते, सामू घसरतो, मिथेनजनक मंदावतात आणि टाकी आंबते. ती पूर्ववत होण्यास आठवडे जातात.

म्हणून या हळू वाढणाऱ्या जीवांना पाण्याबरोबर वाहून जाऊ न देणे ही पहिली गरज ठरते. १९७० च्या दशकात नेदरलँड्सच्या वागेनिंगेन येथे खात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करून ती भागवली. पाणी तळातून वर सोडायचे आणि माथ्यावर वायू, पाणी व गाळ वेगळे करणारी रचना बसवायची. अशा टाकीत सूक्ष्मजीव एकमेकांना बिलगून मोहरीएवढे घट्ट कण तयार करतात. हे कण झटकन खाली बसतात. त्यामुळे पाणी काही तासांत बाहेर पडले तरी गाळ आत महिनोन् महिने राहतो. ही रचना यूएएसबी या नावाने जगभर पसरली आणि बिअरच्या कारखान्यांना ती विशेष मानवली.

अनेक कारखान्यांत वायू कमी पडला की नवी टाकी बांधण्याचा विचार सुरू होतो. त्याआधी प्रयोगशाळेची वही उघडावी, हे अधिक शहाणपणाचे. नुसता सामू पाहणे पुरेसे नाही, कारण तो घसरेपर्यंत बिघाड होऊन गेलेला असतो. बाष्पशील आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर आधी बोलते. ते ०.३ च्या आत असेल तर प्रक्रिया स्थिर समजावी, ०.४ च्या पुढे सरकू लागले की आवक घटवावी. प्रक्रिया झालेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा आत फिरवल्यास त्यातील क्षारता परत मिळते आणि चुन्याचा खर्च वाचतो. आवक समतोल टाकीतून एकसारखी सोडणे, ऊर्ध्वपातन स्तंभातून उकळत निघणारा स्पेंटवॉश ३५ ते ३८ अंशांपर्यंत निववणे आणि लोह, निकेल, कोबाल्ट यांची सूक्ष्म मात्रा तपासणे, ही कामे साधी असली तरी परिणामकारक आहेत.

गंधकाचा प्रश्न मात्र चिवट आहे. साखर शुद्ध करताना वापरलेला गंधक आणि किण्वनात घातलेले गंधकाम्ल सल्फेटच्या रूपाने सांडपाण्यात उतरते. सल्फेटवर जगणारे जीवाणू मिथेनजनकांचे खाद्य पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जो मिथेनजनकांना विषारी आणि यंत्रांना गंज आणणारा असतो. सीओडी सल्फेटच्या दहापट असेल तर सहसा निभावते. त्याखाली लोहक्षार घालून सल्फाइड बांधणे किंवा पाणी पातळ करणे भाग पडते. कानपूरच्या जाजमऊ येथील ३६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पात चर्मोद्योगाचे एक भाग पाणी तीन भाग घरगुती सांडपाण्यात मिसळण्याची योजना होती. खरे तर किण्वनातील आम्लाची मात्रा आवरणे हा अधिक स्वस्त उपाय.

हीच नियमावली सर्वत्र जशीच्या तशी लावता येत नाही. गोव्याच्या किनारपट्टीवर चालणाऱ्या मासळी प्रक्रियेच्या पाण्यात प्रथिने फुटून अमोनिया वाढतो, शिवाय मीठही असते. दुग्धप्रकल्पातील स्निग्धांश गाळाच्या कणांना चिकटून त्यांना तरंगवतो. तेथे तो आधीच काढून घ्यावा लागतो.

मिथेन निघून गेल्यावरही स्पेंटवॉशचा रंग जात नाही. मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्ये या जीवाणूंना फारशी पचत नाहीत आणि पोटॅशही पाण्यातच राहते. त्यामुळे उरलेले पाणी आटवणे, जाळणे किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करणे हे पुढचे टप्पे टाळता येत नाहीत.