सोलापूरची ख्रिस्ती मंडळी आणि धीराचे शिक्षण

ख्रिस्ती धर्मशिक्षणात धीर हा जन्मजात स्वभावाचा भाग न मानता सवयीने आणि प्रार्थनेने हळूहळू अंगी येणारा गुण मानला जातो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने तो 'आत्म्याच्या फळां'त गणला आहे. असा गुण एखाद्या समाजात कसा रुजला, याचा शोध केवळ प्रवचनांत घेऊन भागत नाही, कारण प्रवचन सर्वत्र जवळपास सारखेच असते आणि फरक पडतो तो ते ऐकणाऱ्यांच्या पावसाने, पोटाने आणि राज्यकर्त्यांच्या कायद्याने. सोलापूरचा मिशनकालीन इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण या एकाच गावात धीर स्वखुशीने शिकला गेला, कौशल्याने शिकवला गेला आणि सक्तीने लादलाही गेला.

सोलापुरात काम करणारी प्रमुख प्रॉटेस्टंट संस्था म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. 1810 साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन बोर्ड' या परदेशी धर्मप्रसारासाठीच्या मंडळाची ती मराठी मुलुखातील शाखा होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे तिचे पहिले मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार त्यांना परत पाठवण्याच्या बेतात होते. राहण्याची परवानगी मिळाल्यावरही कामाला फळ येण्याची चिन्हे दिसेनात. नॉट थोड्याच वर्षांत मायदेशी परतले. पहिला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलविधी, 1819 साली झाला आणि तोही हैदराबादकडील एका मुसलमान गृहस्थाचा. हॉल 1826 साली प्रवासात पटकीने वारले. धीराचा उपदेश करण्यासाठी आलेल्यांना स्वतःच आधी तो शिकावा लागला, ही गोष्ट मिशनच्या इतिहासकारांनी पुष्कळदा भक्तिभावाने सांगितली आहे. मात्र ज्यांच्या दारी हे लोक आले होते, त्यांच्याही सहनशीलतेची ती कसोटी होती, याचा उल्लेख त्या मानाने क्वचितच आढळतो.

1831 साली अहमदनगर हे मिशनचे मोठे ठाणे झाले आणि 1842 साली तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. सोलापूरला रेल्वे 1860 साली पोहोचली आणि त्यानंतर लवकरच मिशननेही तेथे कायमचे ठाणे उघडले. चार्ल्स हार्डिंग आणि त्यांच्यामागून लोरिन गेट्स ही या ठाण्याच्या आरंभकाळातील प्रमुख नावे होत. मिशनची परंपरा काँग्रेगेशनल होती, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहील आणि कोणाला सभासद करून घ्यायचे हेही तीच ठरवील, असे तिचे तत्त्व होते. बाप्तिस्मा मागणाऱ्याला यामुळे केवळ मिशनऱ्याची मर्जी पुरत नसे. त्याने मंडळीपुढे उभे राहून आपल्या श्रद्धेविषयी प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि त्याचे वागणे लोकांच्या नजरेखालून जावे, अशी अपेक्षा असे.

बाप्तिस्म्याआधीच्या या वाट पाहण्याला दुष्काळामुळे वेगळाच अर्थ आला. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो, मृगाच्या पावसाचा भरवसा नसतो आणि शेतकऱ्याचे वर्ष ठरते ते उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर, कारण त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पेरली जाते आणि पुढे थंडीत जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाढते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराचे उदाहरण म्हणून जो शेतकरी येतो, तोही पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन पावसांची वाट पाहणारा आहे. पॅलेस्टाइनमधील ते दोन पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास आणि वसंतात पडतात, इकडील दोन वेगळ्या ऋतूंत. तरीही बार्शी-करमाळ्याकडच्या कुणब्याला किंवा गावकुसाबाहेरच्या मजुराला हा दाखला समजावून सांगण्याची गरज पडली नसेल, असे म्हणता येते. न्यू इंग्लंडच्या हिरव्या खेड्यांतून आलेल्या मिशनऱ्यापेक्षा त्याचे श्रोतेच त्या वचनाच्या अधिक जवळ होते.

तथापि 1876 ते 1878 आणि पुन्हा 1899-1900 या वर्षांत दोन्ही पाऊस चुकले, तेव्हा धीर धरा एवढे सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. मिशनने अन्नवाटप केले, मदतीची कामे काढली, अनाथ मुले सांभाळली. मराठी मुलुखात याच काळात बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या वाढली आणि पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोपही तेव्हापासूनच चिकटला. हा आरोप सरसकट खोटा म्हणता येत नाही आणि सरसकट खराही नाही. ज्या महार-मांग कुटुंबांना गावाने पिढ्यानपिढ्या पाणवठ्यावरून हाकलले, त्यांना पहिल्यांदा कोणी पंक्तीला बसवले, यातील अन्न कोणते आणि मान कोणता हे वेगळे काढणे अशक्य आहे. दुष्काळ ओसरल्यावर काही जण परत फिरले. जे राहिले, त्यांच्या नातवंडांनी पुढे शाळा चालवल्या.

याच काळात घराच्या चार भिंतींत घडलेल्या धीराचे सर्वांत चांगले चित्रण मराठीत एका स्त्रीने केले आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या आणि वियोगाच्या त्या वर्षांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातच, नातलगांच्या आश्रयाने काढला. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे अशी मांडणी काही दिवस चालू राहिली. टिळकांचा स्वभाव तापट आणि उतावळा होता, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या पानोपानी दिसते. पण पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत या उतावळ्या माणसाने घाई केली नाही. लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो विचार करून, भांडून, स्वतःच्या मनाशी हिशेब पुरा करून. ख्रिस्ती संसारातील धीर म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, हे सांगणारा याहून बोलका पुरावा मराठी वाङ्मयात नाही. टिळकांची भक्तिगीते 'उपासना संगीत' या सामुदायिक गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत गायली जातात, त्यामुळे ही शिकवण पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, प्रवचनाइतकीच चालीवरूनही घराघरांत पोहोचली. बायबल बाया, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या एतद्देशीय ख्रिस्ती कार्यकर्त्या, यांचे काम तर धीराशिवाय चालणेच शक्य नव्हते. ज्या दारातून आज नकार मिळाला, त्याच दारात काही दिवसांनी पुन्हा उभे राहणे हीच त्यांची पद्धत.

सोलापूर मिशनचे अधिक नवे काम बालशिक्षणाचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी हार्डिंग यांनी येथे बालवर्ग आणि बालवर्गाच्या शिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालवले. त्यांचा पाया फ्रिड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यानपद्धती हा होता. फ्रोबेलच्या मते लहान मुलाला उपदेश करून वळण लागत नाही. चेंडू, ठोकळे, काड्या हाताळताना आणि कागदाच्या पट्ट्या उभ्या-आडव्या गुंफताना त्याचे हात थांबायला आणि डोळे पाहायला शिकतात. विणकरांच्या गावात कागदाची वीण शिकवणे हा योगायोगच, पण फार समर्पक. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षण चळवळीच्या दोनेक दशके आधी सोलापुरात हे घडत होते, याची मराठी शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. छडीच्या धाकावर चालणाऱ्या तत्कालीन शाळेशी तुलना केली, म्हणजे येथे धीर शिकायचा होता तो मुलांपेक्षा शिक्षिकेने, हे ध्यानात येते.

याच मिशनच्या इतिहासाचे दुसरे पान मात्र इतके निर्मळ नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते आणि 1911 च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती, म्हणजे 'सेटलमेंट', उभारल्या गेल्या. सोलापुरात कापडगिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला या लोकांवर नजर हवी होती आणि मिशनला सेवेचे क्षेत्र हवे होते. या तिन्ही गरजा तारेच्या कुंपणाआड एकत्र आल्या. कैकाडी, कंजारभाट, पारधी, भामटा अशा समाजांतील कुटुंबे तेथे ठेवली जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला परवाना लागे, मोठी माणसे गिरणीत जात आणि मुलांना शाळा सक्तीची असे. सरकारने काही काळ या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवली होती. चांगल्या वर्तणुकीची काही वर्षे पदरी पडल्यावर कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत राहण्याची सवलत मिळे. सोलापूरच्या 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावात ती व्यवस्था अजून टिकून आहे.

मिशनऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शाळा, दवाखाना, बालवर्ग त्यांनी तेथेही नेले आणि या मुलांच्या रक्तात गुन्हा नाही हे सरकारी अधिकाऱ्यांच्या आधी त्यांना कळले. परंतु जेथे चांगल्या वागण्याची नोंद हजेरीपटावर होते आणि सुटका त्या नोंदीवर ठरते, तेथे धीर हा श्रद्धेचा गुण उरत नाही, तो शिक्षेची मुदत होतो. ईयोबाच्या ग्रंथातील धीर हा देवाला जाब विचारण्याचे स्वातंत्र्य असलेल्या माणसाचा धीर आहे; कुंपणातल्या माणसाला असा जाब विचारण्याची सोय नव्हती. हा भेद त्या काळच्या मिशनने पुरेसा ओळखला नाही, आणि दुष्काळात मंडळीचे दार उघडणाऱ्या संस्थेने कुंपणाची किल्लीही हाती घ्यावी, हा तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा दोष मानावा लागतो.

मुंबई प्रांतात गुन्हेगार जमाती कायदा 1949 साली रद्द झाला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय कायम राहिला. सोलापूरच्या मिशनमंडळ्या पुढे उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या संयुक्त चर्चमध्ये, सामील झाल्या. भटक्या-विमुक्त समाजांतील कार्यकर्ते तो कायदा देशभरातून गेला तो 31 ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.