ट्रोओडोस पायथ्याची ऐतिहासिक खेडी

ट्रोओडोस पायथ्याची खेडी : पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटाच्या मध्य व नैर्ऋत्य भागांत पसरलेल्या ट्रोओडोस पर्वताच्या उतारांवरील व पायथ्याचा ग्रामप्रदेश. ऑलिंपस हे या पर्वताचे सर्वोच्च शिखर १,९५२ मी. उंचीचे असून स्थानिक लोक त्यास खिओनिस्त्रा म्हणतात. उत्तरेकडे सोलेआ व मराथासा ही खोरी, पूर्वेकडे पित्सिलिया हा डोंगराळ भाग, आग्नेयीस लेफ्कारा, दक्षिणेकडे लिमासोलच्या मागील द्राक्षमळ्यांची खेडी आणि पश्चिमेस पॅफॉसचे अरण्य असा या प्रदेशाचा विस्तार आहे. दगडी घरे, लाकडी सज्जे व अरुंद फरसबंद गल्ल्या यांमुळे ही गावे प्रवाशांस आकर्षित करतात व काळ येथे जणू थांबला आहे, असे त्यांच्याविषयी नेहमी लिहिले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बेटावर आलेल्या प्रत्येक नव्या सत्तेचा परिणाम या गावांवर झाला. काही वेळा लोक येथे आश्रयास आले, तर काही वेळा येथून त्यांना निघून जावे लागले आणि गावांचे जुने रूप टिकले, ते बऱ्याच अंशी या दुसऱ्या कारणाने.

ट्रोओडोसची घडण भूविज्ञानदृष्ट्या असामान्य आहे. सु. नऊ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाशी तयार झालेले कवच येथे वर उचलले गेले असून सर्वांत खोल थरांतील खडक शिखराजवळ उघडे पडले आहेत. उतरत गेल्यास पायथ्याशी समुद्रतळाच्या पृष्ठभागावरील, उशांसारख्या गोलसर आकाराच्या लाव्ह्याचे थर लागतात. तांब्याची सल्फाइडे याच थरांत सापडतात व म्हणून प्राचीन खाणी शिखराकडे नसून पायथ्याच्या कडेने आहेत. तामासोस व स्कूरिओटिस्सा ही त्यांपैकी प्रमुख स्थळे होत. तांब्याचे लॅटिन नाव ‘कुप्रुम’ हे सायप्रसच्या नावावरूनच आले. धातू गाळण्यास कोळसा लागे व त्यासाठी डोंगरावरील पाइन वृक्ष तोडले जात. प्राचीन धातुमळीचे काळे ढीग आजही या भागात दिसतात. स्कूरिओटिस्सा या नावाचा संबंधही धातुमळीच्या ग्रीक शब्दाशी आहे. विसाव्या शतकात एका अमेरिकन कंपनीने या खाणी पुन्हा चालविल्या. १९४८ साली तेथे झालेल्या दीर्घ संपात ग्रीक व तुर्की भाषिक कामगार एकत्र उतरले होते. पुढील घडामोडी पाहता ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या प्रदेशाचे खरे वैभव म्हणजे तेथील चित्रित चर्चवास्तू. बाहेरून त्या धान्याच्या कोठारासारख्या दिसतात. मूळ घुमटाकार वा कमानदार छतावर तीव्र उताराचे दुसरे लाकडी छप्पर घालून त्यावर सपाट कौले बसविलेली असतात. काही ठिकाणी ते जमिनीच्या जवळपास येते. डोंगरावरील हिमापासून व पावसापासून बचाव हा त्यामागील साधा हेतू. परंतु आतील भित्तिचित्रे शतकानुशतके टिकण्यास हीच योजना कारणीभूत झाली. काकोपेट्रिआजवळील सेंट निकोलसचे चर्च अकराव्या शतकातील आहे. निकितारी गावाजवळील आसिनू येथील चर्चमधील सर्वांत जुनी चित्रे ११०५-०६ मधील असून ते चर्च निकीफोरोस नावाच्या बायझंटिन पदाधिकाऱ्याने उभारले. लागुदेरा येथील पानाइआ तू आराका या चर्चमधील चित्रे ११९२ ची आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी शैलीची उत्कृष्ट उदाहरणे म्हणून कलेतिहासकार त्यांचा निर्देश करतात. हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने बेट जिंकून घेतले होते व पुढील वर्षी ते फ्रेंच वंशाच्या ल्यूझीन्यां घराण्याकडे गेले. किनाऱ्यावर राज्य बदलत असता आडवळणाच्या या गावी चित्रकार आपले काम पूर्ण करीत होता.

ल्यूझीन्यां राजवटीत (११९२–१४८९) लॅटिन चर्चचे वर्चस्व प्रस्थापित झाले. पोप चौथा अलेक्झांडर याने १२६० मध्ये काढलेल्या आज्ञापत्रानुसार ऑर्थोडॉक्स बिशपांची संख्या चारपुरती मर्यादित राहिली आणि त्यांची पीठे मोठ्या नगरांतून हलवून सोलेआ, आर्सिनोई, लेफ्कारा व कार्पासिया अशा ग्रामीण ठिकाणी ठेवण्यात आली. निकोसियाचा ऑर्थोडॉक्स बिशप सोलेआ खोऱ्यात गेला, तर लिमासोलकडील बिशप लेफ्काऱ्यास. अशा रीतीने पायथ्याची खेडी ग्रीक भाषिक समाजाच्या धर्मजीवनाची केंद्रे बनली. मात्र येथील सर्वच चर्चवास्तूंचा उगम या आश्रयात शोधणे बरोबर नाही. आसिनू व सेंट निकोलस ही चर्चे लॅटिन सत्तेच्या आधीची आहेत. तसेच दोन्ही पंथांत अभेद्य भिंतही नव्हती : मूतूलास (१२८०), पेदूलास (१४७४) व गालाता येथील पोदिथू (१५०२) या चर्चमधील दात्यांच्या चित्रांवरून वेशभूषा व चित्रणपद्धती यांवर पडलेला पाश्चात्त्य प्रभाव दिसतो. कालोपानायोतिस येथील मठात तर ऑर्थोडॉक्स चर्चच्या शेजारी एकाच छपराखाली लॅटिन प्रार्थनास्थळ म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. ‘युनेस्को’ने १९८५ मध्ये यांपैकी नऊ चर्चवास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, २००१ मध्ये पालेखोरी येथील दहाव्या वास्तूची भर पडली.

दक्षिण उतारावरील गावांचे जीवन द्राक्षांवर अवलंबून होते. उन्हात वाळविलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या कोमांदारिया या गोड मद्याचे नाव हॉस्पिटलर या लढाऊ धर्मसंघाच्या जहागिरीवरून पडले. तिचे केंद्र लिमासोलजवळील कोलोसी येथे होते. हे मद्य आजही ठरावीक चौदा गावांतच तयार होते. ओमोदोस येथे होली क्रॉसच्या मठाभोवती वसलेले गाव व जुना द्राक्षघाणा पाहावयास मिळतो. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही कीड सायप्रसमध्ये पोहोचली नाही. त्यामुळे येथील वेली अजून स्वतःच्या मुळांवर वाढतात. चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांनी हे उतार शेतीयोग्य केलेले आहेत. दरवर्षी बांध सांभाळावे लागत व त्यासाठी गावात माणसे असावी लागत.

लेफ्कारा हे गाव ‘लेफ्कारितिका’ या भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. तागाच्या कापडातील धागे मोजून व काढून त्यावर भौमितिक आकृती विणल्या जातात. स्त्रियांनी काम करावे व पुरुषांनी ते घेऊन यूरोपभर विक्रीस हिंडावे, अशी विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली. लिओनार्दो दा व्हिंचीने येथून मिलान कॅथीड्रलसाठी वस्त्र नेले, ही दंतकथा गावात आवर्जून सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार नाही. ही कला २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या ‘युनेस्को’ यादीत समाविष्ट झाली.

ऑटोमन तुर्कांनी १५७१ मध्ये बेट पूर्णपणे जिंकल्यानंतर पायथ्याच्या अनेक गावांत मुस्लिम वस्ती झाली व ग्रीक आणि तुर्की भाषिक लोक शेजारी राहू लागले. १८७८ मध्ये बेटाचा कारभार इंग्रजांकडे आला. ताबा घेण्यास आलेल्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या. सखल भागातील तापामुळे इंग्रजांनी उन्हाळी छावणी ट्रोओडोसवर नेली. त्यांच्या वनखात्याने अरण्याचे कडक संरक्षण सुरू केले. आखूड पानांचा सायप्रस सीडार वृक्ष, सोनेरी पानांचा ओक व मूफ्लॉन ही रानमेंढी यांचे अस्तित्व टिकले, याचे श्रेय त्या धोरणास द्यावे लागते. पण त्याची किंमत शेळ्या चारणाऱ्या गरीब गावकऱ्यांनी मोजली, हे अरण्यसौंदर्याच्या वर्णनांत क्वचितच आढळते. प्लात्रेसजवळील कॅलिडोनिया धबधबा व सीडार खोरे या स्थळांकडे जाणाऱ्या वाटा आता पदभ्रमणासाठी प्रसिद्ध आहेत. पश्चिमेकडील नद्यांवरचे जुने एककमानी दगडी पूल मात्र कष्टाच्या वाहतुकीचे साक्षीदार आहेत.

१९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाले. १९६३ च्या अखेरीस दोन समाजांत दंगली उसळल्या व अनेक मिश्र गावांतील तुर्की भाषिकांनी घरे सोडली. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्या आरंभीच्या सेनापतींत ग्यानी व तिमय्या हे भारतीय सेनानी होते. तिमय्या यांचे १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निधन झाले. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर बेट विभागले जाऊन दीड लाखांहून अधिक ग्रीक भाषिक दक्षिणेकडे, तर दक्षिणेतील बहुतेक सर्व तुर्की भाषिक उत्तरेकडे गेले. वायव्य पायथ्याचे लेफ्का विभाजनरेषेच्या उत्तरेस राहिले. पॅफॉस अरण्याच्या कडेचे व्रेत्सिया हे तुर्की भाषिकांचे गाव १९७५ मध्ये ओस पडले. तेथील पडक्या भिंतींना पर्यटनपत्रिकांत ‘रम्य अवशेष’ म्हटले जाते. परंतु ज्यांनी ती घरे सोडली, त्यांच्यापैकी काहीजण अद्याप हयात आहेत.

ग्रीक भाषिक गावेही यानंतर ओसरली. विभाजनानंतर लिमासोल व पॅफॉस येथे बांधकाम व पर्यटन झपाट्याने वाढले आणि तरुण वर्ग तिकडे गेला. फिकार्दू हे गाव १९७८ मध्ये संपूर्णपणे प्राचीन स्मारक म्हणून घोषित झाले व तेथील घरांच्या जीर्णोद्धारास १९८७ मध्ये ‘यूरोपा नोस्त्रा’ पुरस्कार मिळाला. तोपर्यंत तेथे राहणारी माणसे मोजकीच उरली होती. १९९० नंतर जुनी घरे दुरुस्त करून पाहुण्यांस देण्याच्या योजनांनी काही गावांना उत्पन्न मिळाले, तरी बांधांची शेती त्यामुळे परतली नाही. सोडून दिलेल्या मळ्यांत झुडपे माजली व उन्हाळी वणव्यांस ती इंधन ठरली. जुलै २०२५ मध्ये लिमासोलच्या द्राक्षखेड्यांत लागलेल्या वणव्यात १०० चौ. किमी.हून अधिक प्रदेश जळाला व दोघांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी जुलै २०२१ मध्ये आराकापास येथून पसरलेल्या आगीने लेफ्काऱ्याकडील डोंगरउतार भस्मसात केले. ओदू गावाजवळ त्या आगीत सापडून मेलेले चौघेही जण ईजिप्तहून शेतमजुरीसाठी आलेले होते.