कुंडीतली माती आणि रासायनिक खत

घरातल्या रोपांना शेणखत, गांडूळखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळलेली सेंद्रिय माती द्यावी, की युरिया, सुफला, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) अशी तयार खते, हा शहरी बागकामातला जुना वाद. जोडी मुळातच विजोड आहे. माती हे मुळांचे घर, खत हा शिधा. एकावाचून दुसऱ्याचे फारसे चालत नाही.

या वादाचे मैदान आता कुंडी. उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या दोन मानपाड्यांचे. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी; दुसरे डोंबिवली पूर्वेला, मानपाडेश्वराचे. दोन्हीकडे इमारती वाढल्या आणि बागेची हौस खिडकीच्या ग्रिलमध्ये येऊन बसली. रोपवाटिकेतून गोणीने आणलेली तांबडी माती कुंडीत नुसतीच भरली, तर पाणी घालून घालून ती विटेसारखी घट्ट होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून तिच्यात कोकोपीट आणि चांगले कुजलेले खत मिसळायचे.

नत्र शेणातला की कारखान्यातला, हे रोपाला कळत नाही. मुळे तो मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच घेतात. फरक पडतो तो वेगाने. युरियात ४६ टक्के नत्र असतो, गांडूळखतात साधारण १ ते २ टक्के, आणि तोही मातीतले जिवाणू हळूहळू मोकळा करतात. शेतात जास्तीचे क्षार पावसाबरोबर खाली झिरपतात. दिवाणखान्यातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. क्षार तिथेच साठतात, कडेला पांढरा थर धरतो, पानांची टोके करपतात. त्यातच आत उजेड कमी, म्हणजे वाढ मंद आणि भूकही बेताची. घरातली बरीच रोपे उपासाने नव्हे, मायेच्या चिमटीने दगावतात!

सेंद्रिय बाजूही निर्दोष नाही. अर्धकच्चे खत आत आणले की वास येतो, चिलटे होतात, आणि दोष मात्र कुंडीला लागतो.

दोन्ही परंपरांचे पत्ते जवळचेच. सुफला १५:१५:१५ हे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे. त्याचा कारखाना चेंबूर-ट्रॉम्बेला. कंपोस्टची प्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ होळकरांच्या इंदुरात आकाराला आली आणि अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी ती १९३१ मध्ये पुस्तकातून मांडली. हॉवर्ड जगभर गाजले. वाडांचे नाव मराठी बागकर्त्यांनाही क्वचितच ठाऊक असते. महाराष्ट्रात श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी हा विचार गच्चीपर्यंत नेला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे घराघरांवर बंधनकारक केले, त्यामुळे खताचा कच्चा माल रोज ओट्यावरच तयार असतो. घरातल्या कुंडीसाठी त्याचेच चांगले कुजलेले खत पाया धरावे. रासायनिक खत द्यायचेच, तर वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा, लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ विरघळवून, तेही माती ओली असताना. महिन्यातून एकदा साधे पाणी तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.