बोल्ट किती आवळायचा? देवराष्ट्रेची जीप आणि टॉर्क रेंचचा इतिहास

१/ डिसेंबर २०२१. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे (जि. सांगली) एका छोट्या जीपमुळे देशभर गाजले. तेथील एका लोहार कारागिराने भंगारातील भाग जोडून, किक मारून सुरू होणारी चारचाकी घडवली होती. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात दिलीही.
अशी गाडी जोडताना एक प्रश्न पदोपदी येतो : हा बोल्ट किती आवळायचा?

२/ १९१३ मध्ये, चव्हाणांच्या जन्मावेळी, हे गाव सातारा जिल्ह्यात होते. या परिसराला यंत्रजोडणी नवी नव्हती. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. नांगर दोन्हीकडे बनत. पुढे वाडीत पंप आले, सातारा रोडला डिझेल इंजिने.
नांगराचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला तरी भागते. पंपाचा फ्लँज असमान आवळला, तर गास्केटमधून पाणी झिरपते.

३/ हीच अडचण न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांना जलवाहिन्यांच्या जोडांवर जाणवली. १९१८ मध्ये त्यांनी पीळ मोजणारा पाना बनवला, असे सांगितले जाते. तोच टॉर्क रेंच.

४/ यामागचे शास्त्र असे. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण दोन भागांना घट्ट धरतो. मात्र पिळाचा बहुतांश जोर आट्यांच्या व नटाखालच्या घर्षणात खर्च होतो. म्हणूनच कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरला, तर बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जातो.

५/ मग हा पाना कोठे अनिवार्य? सिलिंडर हेड, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकांचे नट. हेड टप्प्याटप्प्याने, मधून कडेकडे. चाकांचे नट आलटूनपालटून समोरासमोरचे. नंबरप्लेटसाठी साधा पाना पुरे. आवळलेले बोल्ट सोडवायला मात्र टॉर्क रेंच कधीही वापरू नये. त्याचे माप बिघडते.

६/ भंगारातून जोडलेल्या गाडीला स्वतःची पुस्तिका नसते. तिच्या इंजिनाला मात्र मूळ उत्पादकाची असते. आकडा तिथून घ्यावा आणि वहीत नोंदवावा. वाडीतील आणि सातारा रोडच्या जुन्या जोडाऱ्यांच्या मनगटात हे ज्ञान होते. कागदावर त्यातले फारच थोडे उतरले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती उणीव सलते. तुमच्या गाडीची वही पुढच्या जोडाऱ्याच्या कामी येईल.