कॅमेरा बिघडला तर दाद कोठे मागायची?

धाराशिव : लग्नात अक्षता एकदाच पडतात. त्या क्षणी शटर अडले किंवा फोकस हुकला, तर छायाचित्रकाराला तो प्रसंग पुन्हा मिळत नाही, आणि वधूपित्याला दिलेला शब्दही पाळता येत नाही. तालुक्याच्या गावी छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या व्यावसायिकाचा सारा हंगाम बहुधा एकाच कॅमेऱ्यावर अवलंबून असतो. कर्ज काढून घेतलेला हा कॅमेरा ऐन लगीनसराईत बिघडला, की दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बुडालेल्या कामाचा हिशेब मोठा होतो. त्यातच कॅमेरा दुरुस्तीसाठी पुणे-मुंबईकडे पाठवावा लागला, तर मधले मुहूर्त भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढण्यावाचून गत्यंतर नसते.

मात्र, बिघाड वाटणारी प्रत्येक गोष्ट बिघाड नसते. मंगल कार्यालयातील एलईडी दिव्यांखाली छायाचित्रात काळे आडवे पट्टे उमटले, की सेन्सर गेला असा समज होतो. वास्तविक आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग फार वाढवला किंवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर हे लुकलुकणे छायाचित्रात पट्ट्यांच्या रूपाने दिसते. वेग १/५० किंवा १/१०० वर आणून पट्टे नाहीसे झाले, तर कॅमेरा निर्दोष आहे. गोरज मुहूर्ताच्या अंधूक उजेडात फोकस घुटमळणे हेही बहुतेक वेळा प्रकाशाअभावी घडते. अशा वेळी लेन्स, बॅटरी आणि मेमरी कार्ड एकेक बदलून पाहावे. लेन्स बदलल्यावर दोष गेला तर तो लेन्सचा. राहिला तर कॅमेऱ्याच्या बॉडीचा.

सेन्सरवरील डाग तपासण्याची रीत सोपी आहे. लेन्सचे छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ इतके लहान करून पांढऱ्या भिंतीचे अथवा निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे. डाग प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी दिसत असतील, तर ते सेन्सरवर आहेत. साध्या धुळीचे डाग सफाईने जातात आणि त्यात कंपनीचा दोष नसतो. सफाईनंतर थोड्याच दिवसांत डाग पुन्हा येऊ लागले, तर मात्र प्रश्न वेगळा होतो.

या प्रश्नाने काही वर्षांपूर्वी जगभरच्या छायाचित्रकारांना ग्रासले होते. निकॉन कंपनीचा २४ मेगापिक्सेलचा डी ६०० हा फुल फ्रेम कॅमेरा सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आला. थोड्याच दिवसांत चित्राच्या वरच्या डाव्या भागात डाग साचत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ग्राहक लेन्स बदलताना धूळ आत जाऊ देतात, असे म्हणायला तेव्हा जागा होती. पण काही छायाचित्रकारांनी लेन्स न काढता शेकडो छायाचित्रे ओळीने घेतली आणि डाग कसे वाढत जातात ते दाखवून दिले. धूळ बाहेरून येत नाही, ती आतच तयार होते, हे त्यातून दिसले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सूचनापत्र काढून ग्राहकांना सेवा केंद्राकडे जाण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१३ मध्ये नव्या शटरसह डी ६१० आला, तेव्हा जुना कॅमेरा घेतलेले ग्राहक अधिकच चिडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी, सफाई आणि शटर बदलणे विनामूल्य करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी १५ मार्चला, म्हणजे जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या कॅमेऱ्यावर कार्यक्रम दाखवला. पाठोपाठ शांघायच्या प्रशासनाने विक्री थांबवण्याचा आदेश दिला. दुरुस्तीनंतरही डाग राहिल्यास कॅमेरा बदलून देण्याची तयारी कंपनीने त्यानंतर दाखवली.

सुमारे दीड वर्षाचा हा काळ होता. कंपनीने दोष मान्य करण्याआधी ज्यांनी पदरमोड करून कॅमेरा बाहेर साफ करून घेतला, त्यांच्या हाती सांगण्यासारखे फारसे काही उरले नाही. ज्यांच्याकडे प्रत्येक खेपेची जॉबशीट होती, त्यांचे म्हणणे कागदावर होते. धाराशिवच्या छायाचित्रकारालाही हाच कागद कामी येतो. कॅमेरा जमा करताना जॉबशीटवर दोषाचे नेमके वर्णन, तारीख, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि बाह्य स्थिती लिहून घ्यावी. ‘चेकिंग’ एवढाच शब्द लिहिलेली पावती पुढे उपयोगाची नसते. दोष दाखवणाऱ्या छायाचित्रांच्या मूळ फाइल जपून ठेवाव्यात, कारण त्यांत तारीख आणि कॅमेऱ्याची मांडणी नोंदलेली असते. कुरियरने पाठवताना विमा उतरवावा आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. हे कार्ड विसरणारे थोडे नाहीत.

वॉरंटी नाकारण्याची कारणे हमीपत्रातच दिलेली असतात. कॅमेरा पडणे, आत पाणी किंवा वाळू जाणे, लेन्सला बुरशी लागणे, अनधिकृत कारागिराने बॉडी उघडणे ही त्यातली नेहमीची. शटरची झीज हाही वादाचा विषय आहे. डी ६०० चे शटर दीड लाख वेळा उघडझाप करण्याच्या क्षमतेचे सांगितले गेले होते. लग्नाचे काम करणारा छायाचित्रकार एका हंगामात हजारो छायाचित्रे घेतो. म्हणून जमा करतेवेळी शटरचा आकडाही नोंदवलेला बरा. कॅमेरा परदेशातून आडवाटेने आलेला असेल, तर अनेक कंपन्या येथे वॉरंटी मानत नाहीत. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असावी लागते. खोक्यावर ही पट्टी नसेल आणि दुकानदार पक्के बिल देण्यास टाळाटाळ करत असेल, तर काही हजारांची बचत पुढे महागात पडू शकते.

सेवा केंद्राने दाद दिली नाही, तर पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन तडजोडीचा प्रयत्न करते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे. पूर्वी त्याला जिल्हा ग्राहक मंच म्हणत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे जाऊ शकतो. कंपनीचे कार्यालय दिल्लीजवळ असो वा मुंबईत, उमरग्याच्या छायाचित्रकाराला धाराशिवमध्येच दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.

येथे कंपन्यांचा ठरलेला आक्षेप असतो : कॅमेरा धंद्यासाठी घेतला, म्हणून घेणारा ग्राहकच नव्हे. कायदा व्यापारी हेतूने केलेली खरेदी खरोखरच वगळतो. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू त्याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात याचा अर्थ उलगडला. त्या खटल्यात यंत्र घेणारा उद्योग ग्राहक ठरला नाही; मात्र स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहक ठरतो आणि मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचा हक्क जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्वतः कॅमेरा धरणारा, एखादा मदतनीस ठेवणारा छायाचित्रकार या व्याख्येत बसू शकतो. तक्रारीत हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे; अनेक तक्रारी या एका वाक्याअभावी अडखळतात. पगारी माणसांकडून चार-पाच संच चालवणाऱ्या मोठ्या स्टुडिओला मात्र हा आधार मिळणे कठीण आहे.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. निकालासाठी कायद्याने तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात अनेकदा अधिक काळ लागतो. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई असे आदेश आयोग देऊ शकतो. बुडालेल्या लग्नाची भरपाई मागायची, तर त्या कामाची लेखी ऑर्डर आणि परत केलेल्या आगाऊ रकमेची नोंद जोडावी लागेल. आपल्याकडे बरीच कामे तोंडी ठरतात, ही यातली खरी अडचण आहे.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. ‘सुटा भाग मागवला आहे, पुढच्या आठवड्यात येईल’ या फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढत नाही. उशीर झाल्यास पुरेसे कारण आयोगाला पटवून द्यावे लागते.